बापूंचा ‘जा’

बापू एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं सातारा-कराड पट्ट्यात गाडीवर काढली आणि निवृत्त होऊनही आठ वर्षं झाली होती. वय ६६. बीपीची गोळी मनाला येईल तेव्हा घ्यायची, साखरेची गोळी तर पाहुण्यांसमोरच. एका पहाटे गोठ्यात धार काढायला गेले आणि तिथंच खाली बसले. उजवा हात-पाय लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, वाचा बंद झाली. घरच्यांच्या शब्दांत, अंगावरून वारं गेलं.

(खरं नाव-गाव सांगत नाही. ‘बापू’ साताऱ्याकडं दर तिसऱ्या घरात असतात, आणि गाव काशीळ फाट्यावरून आत जायचं एखादं समजा.)

आधी शेजारच्या वाडीत तेल चोळायला नेलं, मग हॉस्पिटल. पोचेपर्यंत सहा तास उलटले होते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ टळली होती. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्याचा पुढचा भाग काळवंडलेला दिसत होता. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांचं बोलणं याच भागातून जुळून बाहेर येतं.

मला बोलावलं तिसऱ्या दिवशी, आणि तेही बोलण्यासाठी नव्हे. स्पीच थेरपिस्ट गिळणंही बघते हे लोकांच्या गावीही नसतं. बापूंच्या नाकात नळी होती. तरी कुणीतरी मायेपोटी शहाळ्याचं पाणी चमच्याने तोंडात घातलं होतं आणि असा ठसका लागला होता की नर्स धावत आली. मी त्यांना ताठ बसवलं, हनुवटी जराशी छातीकडं घ्यायला लावली, गळ्यावर तीन बोटं ठेवली आणि अर्धा चमचा पाणी दिलं. गिळताना कंठमणी वर उचलला जातो का, किती उशिरा उचलला जातो, हे बोटांना कळतं. मग मी ‘आ’ केलं, माझं बघून त्यांनीही केलं. आवाज ओला होता, गुळणी तोंडात धरून बोलल्यासारखा. पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेला जाऊन स्वरयंत्राशी थांबला की आवाज असा येतो.

पातळ ते सोपं, ही लोकांची पक्की समजूत. उलट पाणी सगळ्यात चपळ, सावध व्हायच्या आत घशातून सटकतं. सूनबाईंनी विचारलं, “दुधात भाकरी कुस्करून देऊ का, मॅडम?” तेही नको. दूध पातळ, भाकरीचे कण घट्ट. दोन्ही एका घासात सांभाळणं सर्वांत अवघड. त्याऐवजी नाचणीची घट्ट आंबील, घोटलेला वरणभात, एका वेळी अर्धाच चमचा. बाराव्या दिवशी नळी निघाली. घरातल्या आजीने जिभेला वेखंड आणि मध चोळायचा बेत केला होता, तोही मोडून काढावा लागला. वेखंडाने वाचा येत नाही हे तर आहेच, पण साखरेच्या पेशंटला, तेही ठसका लागणाऱ्याला, मध कशाला?

घरी सोडल्यावर खरं काम सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, सोमवार-गुरुवार, बापू साताऱ्याला माझ्याकडं यायचे. सुरुवातीला मुलाच्या गाडीतून, मग वडापने, म्हणजे शेअर जीपने. सोबत कायम सूनबाई.

पहिल्या तपासणीत जे दिसलं ते असं. साधं बोललेलं कळत होतं. “चष्मा काढा”, “दाराकडं बघा” लगेच जमायचं. “आधी पेनाला हात लावा, मग किल्ली मला द्या” म्हटलं की किल्लीवरच हात जायचा. ‘वाघाने बोकडाला मारलं’ आणि ‘वाघाला बोकडाने मारलं’ या दोन्हीला ते एकच चित्र दाखवायचे, वाघ जिंकल्याचं. म्हणजे शब्द कळत होते, ने आणि ला यांनी त्यांत घातलेली गाठ सुटत नव्हती. वीस चित्रांपैकी तीनची नावं स्वतःहून आली: बैल, पाणी, चूल. आणखी सहा पहिला आवाज काढून दिल्यावर आली. मी ‘कु...’ म्हटलं की ते ‘कुऱ्हाड’ म्हणायचे. स्वतःहून बोलणं जवळपास नाहीच. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आणि एखादाच शब्द ढकलल्यासारखा बाहेर पडायचा.

याला वाचाघात म्हणतात, आणि त्यातला हा ब्रोका नावाचा प्रकार. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. त्याला समोरच्याचं बोलणं समजायचं, पण स्वतः तो ‘टॅन’ एवढंच म्हणू शकायचा. तो वारल्यावर मेंदू उघडून पाहिला तर डाव्या बाजूच्या पुढच्या भागात जखम होती. ज्यांनी या विषयात पदवी घेतली त्यांना ‘टॅन’ तोंडपाठ असतो. बापूंचा ‘टॅन’ होता ‘जा’. तो ओळखायला मला पाच आठवडे लागले, त्याबद्दलच इथं लिहायचं आहे.

त्याआधी घरातली एक गाठ सोडवावी लागली. बापूंच्या तोंडून दोन गोष्टी न अडखळता येत. एक म्हणजे गणपतीची आरती, टाळीवर, पहिलं कडवं संपेपर्यंत. दुसरी शिवी. बशी पडली की ‘आयला!’ इतकं स्वच्छ यायचं की शेजारच्या खोलीतली पोरं हसायची. धाकटे जावई एकदा सोबत आले होते, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, आरती म्हणतात, शिव्या देतात, आणि पाणी मागता येत नाही? सोंग आहे हे. सासूबाईंना राबवायला.” असं वाटणारे ते पहिले नाहीत. हजारदा घोटलेलं, सुरात किंवा संतापात आपोआप बाहेर पडणारं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. त्यात मेंदूच्या उजव्या अर्ध्याचाही हात असतो, आणि बापूंचा तो अर्धा शाबूत होता. पाणी मागायचं तर शब्द शोधावा लागतो, त्याला प्रत्यय लावावा लागतो, तोंडाला हुकूम द्यावा लागतो. मी जावयांना म्हटलं, उद्या तुम्हाला बाराचा पाढा उलटा म्हणायला लावते, सुलटा येतो ना, मग उलटा न म्हणणं सोंगच झालं. ते गप्प झाले. पटलं असं मात्र नाही.

सुरुवात मीही चुकीचीच केली. हाताशी असलेली चित्रकार्डं काढली, मुलांसाठी केलेली. अननस, बदक, छत्री. बापूंनी तिसरं कार्ड डाव्या हाताने हळूच पालथं घातलं. ज्या माणसाने आयुष्यभर भरल्या गाडीत साठ माणसांचे पैसे डोक्यात ठेवले, त्याच्यापुढं मी बदक ठेवत होते. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून ते एक शब्द म्हणायला लागले: “जा.” कार्ड पुढं केलं की “जा”. मी वाट पाहत थांबले की “जा... जा”, आणि टेबलावर दोन टिचक्या. मी ओशाळायचे, बैठक लवकर आवरायचे. तीनदा असं झालं. माझ्या वहीत त्या तारखांना एकच वाक्य आहे: ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’

घरी याहून वाईट चाललं होतं. सूनबाई चहा घेऊन खोलीत गेल्या की “जा”. एकदा पाचशेची नोट पुढं करून “दे... दे”. आता नोट त्यांच्याच हातात, मग दे काय? थोरले भाऊ भेटायला आले, वय ७४, ज्यांच्यासमोर बापू कधी खाटेवर बसले नाहीत, त्यांना म्हणाले, “बस.” भाऊ उभ्याउभ्याच परतले. सूनबाई माझ्यापुढं रडल्या. “मामा असे नव्हते हो. सोळा वर्षांत कधी अगं-तुगं करून ओरडले नाहीत. आता खोलीत पाय टाकला की जा म्हणतात. माझं काय चुकलं?” आजीचं मत वेगळं होतं, डोक्यात वारं शिरल्यावर बुद्धी फिरते, एवढंच.

एका गुरुवारी बापूंच्या आधीची वेळ एका अडीच वर्षाच्या पोराची होती. उशिरा बोलायला लागलेलं मूल, शब्द मोजून पंधरा-वीस. बैठक संपली तशी मी आईशी बोलत उभी राहिले. पोरगं कंटाळलं, आईचा पदर धरून दाराकडं ओढायला लागलं. “जा! जा!” आई वळूनही न बघता म्हणाली, “जायचंय? हो, चल, जाऊ या.”

बाकावर बापू बसले होते. ते पोराकडं एकटक बघत होते आणि त्यांचा डावा हात बाकाच्या लाकडावर दोन टिचक्या मारत होता.

मराठीत धातू काहीही न जोडता उच्चारला की ती आज्ञा होते. जा, ये, दे, बस, घे. ‘जायचंय’, ‘गेलो’, ‘जाऊ का’, ‘जाईन’ यांतली इच्छा, काळ, विनंती, मी-तू सगळं शेपटाला असतं. ब्रोकाच्या वाचाघातात नेमकं शेपूट तुटतं. इतर भाषांतही तुटतं, पण आपल्याकडं उरतं ते नुसतं अर्धवट वाक्य नसतं, उरतो हुकूम. आदराचा ‘बसा’ तुटला की उरतो ‘बस’, आणि ज्येष्ठ भाऊ उभ्याउभ्या परत जातो. बापू “जा” म्हणत होते तेव्हा त्यांना मला हाकलायचं नव्हतं. त्यांना जायचं होतं. अडीच वर्षाच्या पोराचा ‘जा’ आईला आपोआप ‘जायचंय’ असा ऐकू येतो, कारण त्याला अजून शेपूट फुटलेलं नाही हे तिला ठाऊक असतं. सहासष्टच्या माणसाचं शेपूट गळून पडलंय असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर या विषयाची चार वर्षांची पदवी घेऊन बसलेली.

मुलगा त्या दिवशी घ्यायला आला तेव्हा त्याला टिचक्यांचं विचारलं. तो हसला. “ही डबल बेल आहे, मॅडम. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.” कुठं जायचं असेल, विचारलं. त्याला माहीत नव्हतं. सूनबाईंना माहीत होतं, फक्त त्यांनी ते जोडलं नव्हतं. आजारी पडायच्या आधी बापू रोज चारला फाट्यावर जाऊन बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, ओळखीचा ड्रायव्हर असेल तर हात करायचा, सव्वापाचला घरी. माझ्याकडच्या बैठका दुपारी तीनला असत. सूनबाई चहा न्यायच्या तोही पावणेचारला.

पाचशेच्या नोटेचाही उलगडा झाला. नातवाची सहल होती, तिचे पैसे त्यांना सुनेकडं द्यायचे होते. ‘देतोय’ मधला ‘दे’.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना चाकाच्या खुर्चीतून फाट्यावर न्यायला लागले. घरातलं अर्धं भांडण तिथं मिटलं, माझी एकही थेरपी न होता.

मग काम असं आखलं. बदक-अननस बंद. गावातल्या एका जुन्या कंडक्टरकडून मुलाने तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि चिमटा मागून आणला, मशीन येण्याआधीचा. त्यात जुन्या तिकिटांचे तीन-चार गठ्ठेही होते. बापूंनी ट्रे डाव्या मांडीवर घेतला, अंगठ्याने गठ्ठा फुलवला आणि पाहिलं ते पाहिलंच. उजव्या हातात चिमटा धरता येईना, डाव्यात घेतला. “तिकीट,” ते म्हणाले. न विचारता. मी त्यांना शंभराची नोट दिली, कागदावर लिहून दाखवलं: दोन फुल, एक हाफ, भाडं ठरलेलं. त्यांनी परत द्यायची रक्कम नाण्यांसकट बरोबर मोजून दिली आणि आकडा मात्र तोंडाने सांगता येईना. हिशेब डोक्यात होता, त्याचं नाव हरवलं होतं.

एक वाक्याचा साचा हवा होता ज्यात एक शब्द बदलला की मागणी पुरी होईल. पुस्तकात ‘मला पाणी हवं आहे’ असं असतं. पण ‘हवं’ला लिंग आहे: चहा हवा, गोळी हवी, पाणी हवं. ज्याची शेपटंच तुटली आहेत त्याला प्रत्येक वेळी वेगळं शेपूट शोधायला लावणं म्हणजे छळ. बापूंच्या बोलीत ‘पायजे’ आहे. चहा पायजे, गोळी पायजे, पाणी पायजे, सगळ्याला एकच. नकाराला ‘नको’, तोही कुणापुढं बदलत नाही. या दोन शब्दांवर पहिले सहा आठवडे गेले.

‘जा’ची दुरुस्ती जास्त किचकट होती. ‘जायचंय’ मध्ये य आणि च एकमेकांना चिकटतात, त्या जागी बापूंची जीभ अडकायची. गावाकडं म्हणतात ‘जायाचंय’. जा, या, चं, य. प्रत्येक अक्षर मोकळं, प्रत्येकाला टेबलावर एक टिचकी. लय धरून, किंचित वरखाली सुरात बोलायला लावण्याची एक रीत बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ साली मांडली. डाव्या हाताने ठेका, वाक्य गुणगुणत सुरू, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. मी ती पूर्ण पद्धतीने करून पाहिली होती आणि ती बापूंच्या बाबतीत फसली. दारात माणसं बसलेली असताना गाऊन पाणी मागायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सूर सोडला, ठेका ठेवला. ठेका त्यांचाच होता.

मुलाला हे आवडलं नाही. “मॅडम, शिकवायचंच आहे तर शुद्ध शिकवा ना.” मी म्हटलं, शुद्ध तुम्ही बोला, बापूंना बोलू दे. हे जरा फटकळ झालं, नंतर चहा पाजून भरपाई केली.

सूनबाईंचा गृहपाठ बापूंच्या गृहपाठापेक्षा अवघड होता. बापूंनी नुसता धातू उच्चारला की त्यांनी त्याला दोन शेपटं लावून परत विचारायचं. “जा” म्हटलं की “मामा, तुम्हाला जायाचंय, का मी जाऊ?” आणि मग थांबायचं. दहा सेकंद. घड्याळ लावून बघा, समोरचा माणूस शब्दासाठी झगडत असताना दहा सेकंद गप्प बसणं किती जीवावर येतं. पहिल्या आठवड्यात त्या तिसऱ्या सेकंदाला शब्द सांगून मोकळ्या होत. मी त्यांना पदराखाली बोटं मोजायला सांगितली. त्यांनी एक नियम स्वतःहून घातला, जो मला सुचला नव्हता: थोरले भाऊ आले की बापूंच्या आधी त्यांनीच म्हणायचं, “बसा, दादा.” म्हणजे बापूंचा ‘बस’ त्या ‘बसा’ला जोडून यायचा आणि अपमान व्हायचा नाही.

तिसऱ्या महिन्यात क्रियापदांकडं वळलो. मधे एक क्रियापद ठेवायचं, ‘देणे’, आणि बापूंकडून काढून घ्यायचं: कोण देतं? काय देतं? कंडक्टर, तिकीट. सावकार, पैसे. डॉक्टर, गोळी. सून, चहा. एका क्रियापदाभोवती माणसं आणि वस्तू अशा गोळा केल्या की क्रियापद सापडायला सोपं जातं आणि वाक्याचा सांगाडाही उभा राहतो. ‘कंडक्टर... तिकीट... दिलं’ इथवर आम्ही पोचलो. ‘कंडक्टरने’ कधीच आलं नाही. भूतकाळात कर्त्याला ने लावायचा आणि क्रियापद मात्र कर्माच्या लिंगाप्रमाणे फिरवायचं, तिकीट दिलं, नोट दिली, पैसे दिले, ही कसरत आपण रोज किती सहज करतो! बापूंनी सगळ्याला ‘दिलं’ ठरवून टाकलं. नोट दिलं. पैसे दिलं. मी ते सुधारलं नाही. अर्थ पोचत होता आणि त्यांची दमछाक वाचत होती.

जे जमलं नाही तेही लिहून ठेवते. मोठ्याने वाचणं सोडून द्यावं लागलं, ओळीतले प्रत्यय गळायचे आणि बापू चिडायचे. डाव्या हाताने सही आली, बाकी लिहिणं नाही. मोबाइलमधलं चित्रांवर बोट ठेवून बोलणारं ॲप मुलाने हौसेने घातलं होतं, ते नातवाने गेमसाठी पुसून टाकलं, आणि कुणाला हळहळही वाटली नाही. मधले पाच आठवडे उसाच्या तोडीमुळं गैरहजेरी. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहूनही बराच सावरतो, त्यामुळं सुधारणेचं किती श्रेय माझं आणि किती निसर्गाचं, हे एका माणसावरून सांगता येत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचा एक फेरा झाला. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत वाचाघाताने आलेली वाक् आणि भाषेची कायमची अडचण स्पष्ट नावानिशी धरली आहे. तरी तपासणीच्या टेबलावर हात वर करायला लावला, चालायला लावलं, टक्के लिहिले. बोलण्याचं कुणी काढलंच नाही. नाव विचारलं तेवढं बापूंनी झटकन सांगितलं, आणि माझ्या मते तिथंच घात झाला, कारण स्वतःचं नाव हेही आरतीसारखंच घोटलेलं असतं. हात-पायांवरच टक्के पुरेसे भरले म्हणून घरच्यांनी पुन्हा खेटे घातले नाहीत. मी माझा अहवाल जोडून परत जा म्हणत होते. त्यांना सुगीचे दिवस मोडायचे नव्हते, आणि दिवस त्यांचे होते.

सहाव्या महिन्यात मी बापूंना विचारलं, आता काय जमायला हवं? कागदावर चार चित्रं काढली होती: फोन, दुकान, देऊळ, एसटी. त्यांनी एसटीवर बोट ठेवलं. काठी घेऊन चालायला लागले होते. परतीचा प्रवास वडापऐवजी गाडीने करायचा आणि तिकीट त्यांनी काढायचं, असं ठरलं. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं. त्यामुळं वाक्य अगदी आटोपशीर झालं: “दोन हाफ. काशीळ.” ‘ज्येष्ठ नागरिक’ वगैरे शब्द मी आधी घातले होते. बापूंनी मान हलवून ते काढायला लावले. हाफ हा त्यांचा शब्द.

‘दोन हाफ’ आठ दिवसांत बसलं. ‘काशीळ’ बसेना. स्वतःच्या फाट्याचं नाव! पहिला आवाज दिला तर यायचं, पण गाडीत पहिला आवाज कोण देणार? एका बैठकीत मी सहज म्हटलं, “सातारा सुटलं की, बापू?” आणि त्यांनी मान वर करून, गाडीच्या मागच्या दारात उभं राहिल्यासारखं, एका दमात सोडलं: “शेंद्रे नागठाणे अतीत काशीळ उंब्रज कराड.” मी पेन खाली ठेवलं. आकडे म्हणायला लावले की एकापासून सुरू करून हव्या त्या आकड्याशी थांबायचं, ही युक्ती आम्ही नेहमी वापरतो. थांब्यांच्या यादीवर ती चालेल हे मला आधी सुचायला हवं होतं. आता फक्त मनातल्या मनात सातारा सोडायचं, पहिली तीन गावं ओठांतच ठेवायची आणि चौथ्यावर आवाज उघडायचा. तीन गावं गिळायला तीन आठवडे लागले. ‘अतीत’ हमखास तोंडातून निसटायचं.

आठव्या महिन्याच्या शेवटी वीस चित्रांपैकी तेरा नावं स्वतःहून येत होती. दोन-तीन शब्दांची वाक्यं होती, शेपटं थोडी. ‘जा’ अजून यायचाच, दमले की जास्त.

गाडीतलं मी पाहिलं नाही, सूनबाईंनी सांगितलं. दुपारची कराड गाडी, गर्दी बेताची. कंडक्टर तरुण पोरगा, गळ्यात मशीन. बापूंनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली आणि म्हणाले, “दोन... हाफ.” पोराने ओळखपत्र बघितलं आणि विचारलं, “कुठं, आजोबा?” बापूंचे ओठ हलायला लागले. सूनबाईंनी पदराखाली मोजायला सुरुवात केली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, अहो सांगा की लवकर. सूनबाई गप्प. सात, आठ. आणि बापूंच्या तोंडून मोठ्याने निघालं, “अतीत.”

पोराचं बोट मशीनकडं गेलं. बापूंनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

“आयला... काशीळ!”

अख्खी गाडी हसली, कंडक्टरही. सूनबाई म्हणाल्या, मामा नाही हसले. त्यांनी तिकिटावरचं गावाचं नाव डोळ्याजवळ धरून बघितलं, मग उरलेले सुट्टे पैसे मांडीवर ठेवून दोनदा मोजले.